न चाखलेलं सूप

पिम, तुला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. तेव्हा हे तुझ्यासाठी लिहितेय असं म्हणणं ही तशी धूळफेकच. पण इंग्रजीत लिहायला बसले की ऑफिसचा मेल होतो, आणि थाई मला सहा वर्षं तुझ्या ओट्याशी उभं राहूनही आलं नाही. म्हणून मराठीतच. तू गेलीस त्याला आज सात दिवस झाले. सकाळी तुमच्या थाई विहारात भिक्खूंना जेवण देऊन आले, साडी बदलली, चहा टाकला, तो समोर निवतोय. पाय भरून आलेत. वाटलं होतं घरी आल्यावर रडू येईल, पण रडायलाही अंगात जरा त्राण लागतं.

या आठवड्यात मला सगळ्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हणते, धाकटी जाऊ. मग नाव सांगावं लागतं, मग ती थायलंडची हे सांगावं लागतं, मग समीरभाऊजींना कुठे भेटली हेही सांगावं लागतं. समोरच्याला तुझ्या मरणापेक्षा तुमचं लग्न कसं जमलं यातच जास्त रस असतो. बुधवारी तर एकीने विचारलं, "मग ती घरी थाईच करायची का रोज?" मी हो म्हणून टाकलं. तू वरण-भात-लिंबूवर जीव टाकायचीस हे त्या बाईला सांगायचा मला कंटाळा आला.

आपलं पहिलं भांडण तुला आठवत असणारच, कारण तू ते दर वर्षी गणपतीत पाहुण्यांना रंगवून सांगायचीस. तुझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष. आमचा आंग मो किओचा फ्लॅट, पुण्याहून आलेल्या सासूबाई, बारा माणसांचा स्वयंपाक आणि मी एकटी. तू मदतीला म्हणून आत आलीस, नैवेद्याच्या आमटीत चमचा घातलास, फुंकर मारून चाखलीस आणि हसून म्हणालीस, "सॉल्ट लिटल बिट मोअर." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि पुन्हा डाळ शिजत लावली. देवाला दाखवायच्या आधी उष्टं झालं होतं ना. पण तुला ते कोण सांगणार? तुला वाटलं, मीठ कमी आहे म्हटल्याचा मला एवढा राग आला. तू बाल्कनीत जाऊन उभी राहिलीस. भाऊजींनी तासाभराने समजावलं तेव्हा कुठे तुला उलगडा झाला.

आणि दुसऱ्या पातेल्यातही मीठ कमीच पडलं होतं. सासूबाईंनी दोनदा लोणचं मागून घेतलं, आणि तू माझ्याकडे बघून मान खाली घातलीस. हसत होतीस, मला दिसलं होतं.

तेव्हापासून सोळा वर्षं हा वाद चालला. तुझं म्हणणं, ज्याला मान द्यायचा त्याला आपण न चाखता कसं द्यायचं? वाईट असलं तर? माझं म्हणणं, ज्याला मान द्यायचा त्याच्या आधी आपण चाखायचंच कसं? मला आईने लहानपणापासून शिकवलं होतं की मीठ-तिखट डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं, त्याला जीभ कशाला हवी. तू म्हणायचीस, "वहिनी, नाक खोटं बोलतो." मी म्हणायचे, अगं पण देव आहे तो, गिऱ्हाईक नाही. मग तू खांदे उडवायचीस. तू सगळ्यांना अरे-तुरे करायचीस, सासूबाईंनासुद्धा, आणि तुझ्या तोंडून त्यांना ते चालायचं. मी एकदा चुकून त्यांना "तू" म्हणाले असते तर पुण्यापर्यंत बातमी गेली असती.

तुझे शनिवारचे थाई स्वयंपाकाचे वर्ग सुरू झाले तेव्हा मी फक्त पहिल्या दिवशी येणार होते, भाषेच्या मदतीला. बुकित पंजांगमधल्या तुझ्या स्वयंपाकघरात आठ माणसं मावायची, नववं आलं की फ्रिज उघडता यायचा नाही. येणारे बहुतेक आपलेच. कोणाचे आईवडील भारतातून आलेले, पुढच्या आठवड्यात बँकॉकला निघालेले, कोणी नुसतेच हौशी. मी सोमवार ते शुक्रवार इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात टेस्टिंगला. शुक्रवारी संध्याकाळी लिटल इंडियातून नारळ, लिंबं, मिरच्या घ्यायच्या, शनिवारी सकाळी न्यूटन स्टेशनवर गाडी बदलून तुझ्याकडे यायचं. दर शुक्रवारी मी घरी म्हणायचे, आता पुरे, उद्यापासून जाणार नाही. सहा वर्षं म्हणत होते.

तू आधी कोणाला चुलीपाशी येऊच द्यायची नाहीस. सगळ्यांना टेबलाशी बसवून आधी रीत सांगायचीस. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्याने फक्त ढकलायचं, तोंडात चमचाच जातो. "मग चॉपस्टिक?" हे दर वेळी कोणीतरी विचारायचंच, आणि तू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगायचीस की त्या नूडल्सपुरत्या. लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही, पाय कोणाकडे रोखून बसायचं नाही. थाई माणूस भेटला की आधी विचारतो, जेवलास का? हे ऐकलं की आपल्या सगळ्या बायका एकदम खूश व्हायच्या, "अगदी आपल्यासारखंच हो!" आणि मग पानात वाढून घ्यायची वेळ आली की सगळा गोंधळ. तू सांगायचीस की भात आपल्या ताटलीत आणि बाकीचं मधे, एका वेळी एकाच भांड्यातलं एक चमचा घ्यायचं, ते खायचं, मग दुसरं. आपल्या लोकांना ताट भरलेलं दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. ते चारही भांड्यांतलं एकदम ओढून घ्यायचे आणि तू माझ्याकडे बघायचीस. मी कानावर हात ठेवायचे.

गवती चहा हा दर वेळचा गमतीचा भाग. तू जुडी हातात घेऊन विचारायचीस, हे काय? सगळे एका सुरात, गवती चहा. मग तू पात कापून बाजूला टाकायचीस आणि खालचा पांढरा बुडखा ठेचायला घ्यायचीस. कोणीतरी काकू हळहळायच्याच, "अहो, चांगली पात टाकताय!" ती पात मी पिशवीत भरून घरी आणायचे. आमच्याकडे सहा वर्षं गवती चहा विकत आणावा लागला नाही.

पण तुझा खरा धडा शेवटी यायचा. तोम खा, ते नारळाच्या दुधातलं सूप. ठेचलेला गवती चहा, थाई आलं, लिंबाची पानं, कोंबडी नाहीतर अळिंबी. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळायचं, आणि मग हातात चमचा घेऊन तू सगळ्यांना गप्प करायचीस. खारट, आंबट, गोड, तिखट. एक चमचा घ्यायचा, थांबायचं, काय कमी आहे ते ओळखायचं, घालायचं, पुन्हा चमचा. तू पाच-सहा वेळा चाखायचीस. "किती लिंबं?" असं कोणी वही काढून विचारलं तर सांगायचीस, लिंबाला विचार. माझ्या अंगावर काटा यायचा. एवढं उष्टं! मी सिंकपाशी उभी राहून तुझे चमचे धुवायचे आणि पुटपुटायचे, आणि तुला ते ऐकू यायचं. "वहिनी, तू एकदा चाख," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, ताटात येईल तेव्हा खाईन.

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, त्यातलं सगळं तुलाच जास्त ठाऊक. फक्त औषधांनी तुझ्या तोंडाची चव गेली एवढंच. पाणी लोखंडासारखं लागतं म्हणालीस, ताडगूळ मातीसारखा. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आता वर्ग बंद कर. तू म्हणालीस, हात आहेत ना माझे, जीभ कोणाची तरी उसनी घेऊ. चार-पाच वर्ग ताराने चव बघून दिली. चौदा वर्षांची तुझी लेक, पण जीभ तुझीच. ती ओठ मिटून चव घ्यायची आणि इथल्या पोरांसारखं सांगायची, "मोअर लाइम, लाह," आणि तू मान डोलावून घालायचीस.

त्या शनिवारी ताराला शाळेत कसलीशी प्रॅक्टिस होती. पाहुणे सगळे शाकाहारी, म्हणून फिश सॉस नव्हता, नुसतं मीठ आणि सोया सॉस. आठ माणसं, त्यात पुण्याचे एक निवृत्त काका, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. मी आठवडाभर कारखान्यातल्या एका बिघडलेल्या लॉटच्या मागे होते, डोळ्यांवर झोप होती. तू गॅस बंद केलास, लिंबू पिळलंस आणि चमचा भरून माझ्यापुढे धरलास. "वहिनी, आज तू. चव बघ, मला सांग."

मी चमचा हातात घेतला आणि तेव्हा आठवलं, आज संकष्टी. मला उपास होता.

काय अवघड होतं, सांग. "पिम, मला उपास आहे गं, या काकांना विचार," एवढं एक वाक्य. पण ते म्हटलं असतं तर, त्या आठ जणांना संकष्टी म्हणजे काय हे नको तितकं माहीत असल्यामुळे, त्यावर गप्पा सुरू झाल्या असत्या, तू गमतीत आमटीची गोष्ट काढली असतीस, आणि मला हे सगळं नको होतं. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. मी चमचा ओठांपर्यंत नेला, पाठ फिरवली, सिंकमध्ये रिकामा केला आणि म्हणाले, "छान झालंय." वेळ मारून नेली. दिवसभर मशीनसमोर बसून, तपासल्याशिवाय एकाही कागदावर सही न करणारी मी.

मीठ दोनदा पडलं होतं. एकदा तू उकळताना घातलंस, एकदा सोया सॉसनंतर. काकांनी पहिला घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि त्यांच्या परीने सौम्यपणे म्हणाले, "सुंदर आहे हो. मीठ मात्र सढळ हाताने." बाकीचे पाण्याकडे वळले. एका छोट्या मुलीने तोंडातलं सरळ वाटीत परत टाकलं. तू सगळ्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि मग हसून सगळ्यांना इंग्रजीत सॉरी म्हणालीस. मला हळूच मराठीत म्हणालीस, "वहिनी, माझा हात गेला."

आणि मी काय म्हणाले? "अगं, होतं असं एखादे वेळी." पर्स उचलली आणि निघाले. तो तुझा शेवटचा वर्ग.

त्यानंतर चार महिने तू होतीस. मी दर रविवारी यायचे, आणि दर रविवारी एलआरटीच्या गाडीत बसून ठरवायचे की आज सांगायचं. हात गेला नव्हता तुझा, मी चाखलंच नव्हतं. कधी भाऊजी खोलीत असायचे, कधी तुला ग्लानी असायची, कधी तू एवढी बरी असायचीस की वाटायचं, कशाला उगाच. निमित्तांना तोटा नसतो. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला न खाता खवखवत होतं. एकदा तर मी सुरुवातही केली होती, "पिम, त्या दिवशी ते सूप..." तू डोळे मिटलेलेच ठेवून माझ्या हातावर थोपटलंस आणि विचारलंस, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. मग आपण कपड्यांच्या घड्या घातल्या.

तुमच्यात सातव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने भिक्खूंना जेवण देतात, त्याच्या आवडीचं. भाऊजी म्हणाले, बाहेरून मागवू, वहिनी, तुम्ही दमलात. मी म्हणाले, नाही, मी करते, तोम खा करते. पहिली गाडी पकडून सहाच्या सुमारास तुझ्या घरी पोचले. तारा उठलेली होती. आम्ही दोघींनी नारळाचं दूध काढलं, तिने गवती चहा ठेचला, तुझ्यासारखाच, पात बाजूला टाकून. मी ती सवयीने पिशवीत भरली.

लिंबू घ्यायला वळले तर फ्रिजच्या शेजारी भिंतीवर मराठी दिनदर्शिका. मीच दर जानेवारीत आणून द्यायचे, तू आवडीने लावायचीस, मला वाटायचं माझं मन राखायला. आज पहिल्यांदा नीट बघितली. दर महिन्यात छोटा गणपती छापलेल्या एका तारखेभोवती लाल पेनने गोल. चंद्रोदयाची वेळही अधोरेखित केलेली. मी ताराला विचारलं, हे काय गं?

"दॅट वन तुझे नो-ईट डेज, काकू. ममी एव्हरी इयर मार्क करते. सो दॅट त्या दिवशी तुला टेस्ट करायला आस्क करायचं नाही. अँड साबुदाणा भिजवायचा." मग म्हणाली, "लास्ट क्लासच्या दिवशी पण भिजवला होता. तू न खाता गेलीस. नेक्स्ट डे मी अँड डॅडी खाल्ला."

मी लिंबू हातात धरून उभी राहिले. म्हणजे पिम, तुला माहीत होतं. साबुदाणा भिजवलेला होता म्हणजे सकाळपर्यंत नक्की माहीत होतं. मग ऐन वेळी औषधांच्या गुंगीत विसरलीस आणि चमचा माझ्यापुढे धरलास? आणि मी पाठ फिरवल्यावर तुला आठवलं? की माझा चमचा सिंकमध्ये रिकामा होताना तू पाहिलास? यातलं काय ते मला आता कधीच कळणार नाही. एवढंच कळतं की काकांनी चमचा खाली ठेवला तेव्हा तुला ठाऊक होतं हिने चाखलं नाही, आणि तरी तू म्हणालीस माझा हात गेला. चार महिने मी तुझ्यापासून लपवत होते आणि तू माझ्यापासून. मला तुझा राग आला, खरंच सांगते. एकदा माझ्यावर ओरडली असतीस तर मी मोकळी झाले असते. मग राग गेला, आणि त्या साबुदाण्याचंच जास्त वाईट वाटलं. चव गेलेल्या बाईने माझ्यासाठी आदल्या दिवशी तो धुऊन भिजत घातला होता, आणि मी पर्स उचलून निघाले.

ताराने गॅस बंद केला. मी लिंबू पिळलं. ती तुझा चमचा घेऊन पुढे आली, आणि स्वतः चाखणार तेवढ्यात थांबली. "काकू, यू डू. आज गोल नाहीये."

भिक्खूंचं जेवण होतं, पिम. माझ्या लेखी तो नैवेद्यच. बावन्न वर्षांत मी देवाच्या आधी शेंगदाणाही तोंडात टाकलेला नाही. आई काय म्हणाली असती, सासूबाई काय म्हणाल्या असत्या, दोघीही एव्हाना तुझ्याच बाजूला आहेत, विचार त्यांना. मी चमचा भरला, फुंकर मारली आणि चाखलं. थांबले, तू थांबायचीस तशी. मग काय घालायचं ते घातलं, चमचा धुतला, पुन्हा चाखलं. चार वेळा. तारा माझ्याकडे बघत होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

विहारात सगळं अकराच्या आत उरकलं. भिक्खू जेवले. सर्वांत थोरल्या भिक्खूंनी सूप दोनदा घेतलं, हे तुला सांगायलाच हवं. मग त्यांचं पठण सुरू झालं आणि भाऊजींनी पितळी झारी माझ्या हातात दिली, थोरली म्हणून. पठण चालेतो बारीक धारेने वाडग्यात पाणी सोडायचं, म्हणजे दिलेलं तुझ्यापर्यंत पोचतं. आपल्याकडेही उदक सोडतात, हात सवयीने वळला. ताराने माझ्या कोपराला हात लावला होता, भाऊजींनी ताराच्या खांद्याला. जे सांगायचं ते या वेळी मनात सांगतात असं तूच एकदा वर्गात पाहुण्यांना सांगितलं होतंस, आणि मी ते मराठीत करून दिलं होतं.

मी सांगितलं. पिम, त्या दिवशी मी चाखलं नव्हतं. तुझा हात गेला नव्हता. आज चाखलं. मीठ कमी होतं, घातलं.